आरोपापूर्वींचे दिवस

अलिबागेहून चौल-रेवदंड्याच्या रस्त्यानें निघालें आणि आक्षी मागें टाकली, कीं नागांव लागतें. दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता, आणि वाड्यांपलीकडे सुरूचें बन व समुद्र. गेल्या उन्हाळ्यांत प्रस्तुत लेखक तेथें कांहीं दिवस राहिला असतां एका जुन्या परिचित गृहस्थांची गांठ पडली. सारें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत घालविलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर एका लहानशा संस्थेचे हिशेब पाहत असत. त्या हिशेबांत तफावत निघाली, कोणीं तक्रार केली, आणि तपास सुरू झाला. त्यास आतां चवदा महिने लोटले आहेत. या अवधींत त्यांस तीन वेळां बोलावून नेलें, जबाब घेतला, घरांतील वह्या नेल्या. पुढें कांहीं नाहीं. आरोपपत्र नाहीं, आणि ‘तुमचा संबंध नाहीं’ असें कोणीं सांगणेंहि नाहीं. पूर्वीं ओटीवर बसून चहा घेणारे शेजारी आतां फाटकावरूनच “काय मास्तर, बरें आहे ना?” असें विचारून पुढें जातात. “खटला भरला तर वकील देऊन कांहीं बोलतां तरी येईल,” असें ते म्हणाले, “पण कोणी कांहीं म्हणतच नाहीं, तर मी उत्तर कशाला देऊं?”

मास्तरांचा हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाहीं. ज्याच्यावर संशय आहे परंतु आरोप नाहीं, अशा मनुष्याचें राज्यसत्तेकडे काय देणें लागतें, आणि राज्यसत्ता त्याचें काय देणें लागते, हा तो प्रश्न होय. व त्यास आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

नागांवपासून थोड्याच कोसांवर, अलिबागेसमोर समुद्रांत, आंग्र्यांचा कुलाबा किल्ला उभा आहे. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें प्रकरण याच किनाऱ्यावर संपुष्टांत आलें. पानिपतावर नाहींसे झालेले भाऊ आपणच, असें म्हणणारा हा इसम रत्नागिरीच्या किल्ल्यांत कैदेंत होता. तेथून सुटून त्यानें १७७६ सालीं कोंकणांत फौज जमविली, किल्ले घेतले, आणि पराभव झाल्यावर समुद्रमार्गें पळत असतां तो रघूजी आंग्र्यांच्या हातीं सांपडला. पुढें पुण्यास त्याची उघड चौकशी होऊन त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यास देहान्त शासन झालें. शासन कठोर खरें. परंतु तूं कोण, आणि तुझ्यावर आळ काय, हें त्यास चारचौघांसमक्ष सांगण्यांत आलें होतें.

यावरून जुना काळ संशयितास सुखाचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. फिर्याद झाली कीं प्यादा दारांत येऊन बसे, त्याचा रोजचा खर्च ज्याच्यावर फिर्याद त्याच्याच माथीं पडे. ‘मसाला’ भरावा लागे, हाजिर जामीन द्यावा लागे, आणि साक्षीपुराव्यानें निकाल लागेना तर उकळत्या तेलांतून रवा काढण्याच्या दिव्यापर्यंत मजल जाई. तथापि या साऱ्या रीतींत एक गोष्ट गृहीत होती. वाद गोतापुढें, पंचांपुढें, गांवापुढें चाले. संशय हा गुप्त ठेवण्याचा पदार्थ नव्हता.

इंग्रजी अमलानें यांत पुष्कळ सुधारणा केल्या. एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दींत मुंबई इलाख्यासाठीं कायद्यांची जी संहिता १८२७ सालीं झाली, तिनें आरोप, पुरावा, शिक्षा यांस निश्चित रूप दिलें. परंतु त्याच संहितेंत पंचविसावा म्हणून एक कायदा होता. बंगाल्यांत १८१८ चा तिसरा कायदा झाला होता, त्याचेंच हें मुंबईकडील भावंड. राज्याच्या सुरक्षिततेस जरूर वाटल्यास, न्यायालयांत खटला चालविण्याइतका पुरावा नसतांहि, एखाद्या मनुष्यास राजबंदी म्हणून ठेवण्याचा व त्याची जिंदगी जप्त ठेवण्याचा अधिकार सरकारास त्या कायद्यानें मिळाला. नुकतीच राज्यें बुडालेलीं होतीं. पदच्युत राजे, त्यांचे सरदार, गादीवर हक्क सांगणारे यांच्यासाठीं हें हत्यार घडविलें असावें, असें त्या काळाकडे पाहतां दिसतें. पुढें तें हत्यार म्यानांत पडून राहिलें, व सत्तर वर्षांनीं पुण्यांत बाहेर निघालें.

१८९७ चा तो उन्हाळा महाराष्ट्र विसरलेला नाहीं. प्लेगच्या बंदोबस्तासाठीं नेमलेले रँडसाहेब, गोऱ्या सोजिरांकडून होणारी घरांची झडती, देवघर-माजघरांत शिरणारे बूट, रुग्णालयांत व छावण्यांत नेलेलीं माणसें, यांनीं शहर संतापलेलें होतें. २२ जूनच्या रात्रीं, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परत येत असतां, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड ३ जुलैस वारला. मारेकरी सांपडेनात. सरकारनें वीस हजारांचें बक्षीस लावलें, शहरावर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च रहिवाशांवर टाकला, आणि तपास चालू झाला.

या तपासाच्या पांचव्या-सहाव्या आठवड्यांत, एका-दोन दिवसांच्या अंतरानें, दोन प्रकारच्या अटका झाल्या. त्यांची तुलना आजहि बोधप्रद आहे. २७ जुलैस टिळकांस मुंबईंत पकडलें. त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला होता, व तो ‘केसरी’च्या अमुक तारखेच्या अमुक मजकुरावर होता. त्याच सुमारास पुण्याचे सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या बंधूंस १८२७ च्या त्या पंचविसाव्या कायद्याखालीं धरून पुण्याबाहेर नेलें आणि त्यांची जिंदगी जप्त केली. त्यांच्यावर आरोप असा कोणताच नव्हता.

टिळकांस आरोप होता, म्हणून त्यांस दरवाजे होते. जामिनाचे अर्ज आधीं फेटाळले गेले, तरी ४ ऑगस्टला न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं त्यांस जामिनावर सोडलें. सप्टेंबरांत न्या. स्ट्रेची व नऊ ज्यूरर यांच्यापुढें खटला चालला. सहा विरुद्ध तीन अशा मतांनीं ते दोषी ठरले व अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो निकाल न्याय्य होता असें आपल्यापैकीं कोणी म्हणणार नाहीं. परंतु शिक्षेस मुदत होती. दिवस मोजतां येत होते. नातू बंधूंस मोजण्यास कांहीं नव्हतें. आरोप नाहीं म्हणून त्याचें खंडन नाहीं. खटला नाहीं म्हणून वकील नाहीं, ज्यूरी नाहीं. शिक्षा नाहीं म्हणून तिची मुदतहि नाहीं. दोषी ठरलेल्या मनुष्याहून संशयित मनुष्याची स्थिति वाईट व्हावी, ही विपरीत गोष्ट या एका महिन्यांत पुण्यानें डोळ्यांनीं पाहिली.

यांत दैवाचा एक उपरोध आहे. पेशवाईच्या अखेरीस एल्फिन्स्टनसाहेबांचे विश्वासू म्हणून प्रसिद्धि पावलेले बाळाजीपंत नातू याच घराण्यांतले. ज्या साहेबाच्या पाठीशीं ते उभे राहिले, त्याच साहेबाच्या संहितेंतील कायद्यानें त्यांच्या घराण्यांतील दोघे भाऊ बंदींत पडले. राजनिष्ठेची पुण्याई संशयाच्या वेळीं उपयोगीं पडत नाहीं, हेंच यावरून दिसतें. नातू बंधूंनीं प्लेगच्या झडत्यांसंबंधीं अधिकाऱ्यांकडे तक्रारी मांडल्या होत्या; खून झाल्यावर त्या तक्रारींचाच अर्थ निराळा लावला जाऊं लागला असेल, तर नवल नाहीं. शांततेच्या काळीं जें अर्ज-विनंतीचें वागणें, तेंच संशयाच्या काळीं द्वेषाची खूण ठरतें.

या काळांत शहराच्या मनाची काय अवस्था होती, हें गोपाळराव गोखल्यांच्या प्रकरणावरून कळतें. ते त्या वेळीं विलायतेंत होते. पुण्याहून मित्रांनीं पाठविलेल्या पत्रांवरून सोजिरांच्या अत्याचारांविषयीं त्यांनीं तेथील पत्रांत विधानें केलीं. परत आल्यावर पुरावा मागण्यांत आला. पण खुनाचा तपास चालू असलेल्या शहरांत आपलें नांव पुढें करण्यास कोण तयार होणार? पत्रें लिहिणारांचीं नांवें गोखल्यांनीं सांगितलीं नाहींत, आणि विधानें सिद्ध करतां येत नाहींत म्हणून जाहीर माफी मागितली. या माफीबद्दल त्यांस वर्षानुवर्षें टोमणे ऐकावे लागले. खरें पाहतां माफी एकट्या गोखल्यांनीं मागितली असली, तरी मौन साऱ्या शहराचें होतें. तपासाची झळ ज्याच्यावर संशय आहे त्यालाच लागते असें नाहीं. ज्याच्यापाशीं सांगण्याजोगें कांहीं आहे, त्याची जीभ ती आधीं आखडते.

सरकारच्या बाजूनेंहि येथें विचार केला पाहिजे. दोन अधिकाऱ्यांचा खून झाला होता, आणि तो पुणेकरांनींच केला होता, हें पुढें सिद्ध झालें. शोध करणें हें सरकारचें कर्तव्यच होतें, आणि शोध म्हटला कीं निरपराध माणसांसहि प्रश्न विचारावे लागणार. परंतु १८९७ च्या ऑक्टोबरांत दामोदर चाफेकरांचा कबुलीजबाब झाला, १८ एप्रिल १८९८ रोजीं त्यांस फांशी झाली; तरी नातू बंधू बंदींतच राहिले. ज्या शोधासाठीं त्यांस धरलें असें लोकांस वाटत होतें, तो शोध संपल्यावरहि त्यांचें कैदेंत राहणें संपलें नाहीं. पार्लमेंटांत प्रश्न विचारले गेले, तेव्हां भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनीं सरकारच्या कृतीची तरफदारी केली. डिसेंबर १८९७ च्या अमरावतीच्या काँग्रेसनें, शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं, या प्रकाराचा निषेध केला. अखेर १८९९ सालीं नातू बंधू सुटले. खटला असा त्यांच्यावर शेवटपर्यंत भरला गेलाच नाहीं. निर्दोष ठरण्यासाठींहि आधीं आरोपी व्हावें लागतें. तें भाग्य त्यांस लाभलें नाहीं.

तेव्हांपासून आजपर्यंत काय बदललें? पुष्कळ बदललें. पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होऊं शकत नाहीं, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता, व तो २०२३ च्या नव्या कायद्यानेंहि राखला आहे. १९५० च्या राज्यघटनेनें स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करतां येणार नाहीं असें ठरविलें. अटकेचीं कारणें सांगणें, वकिलाची मदत घेऊं देणें, आणि चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करणें हें बंधनकारक केलें. १९७३ च्या संहितेनें अटकपूर्व जामिनाची सोय केली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि या गोष्टी आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांस अटकेची जरूर वाटली नाहीं तर त्यांनीं लेखी नोटीस देऊन बोलवावें, आणि बोलाविल्याप्रमाणें जो हजर राहतो त्यास, तशीं कारणें लिहून ठेवल्यावांचून, अटक करूं नये; तपासांत दिलेल्या जबाबावर सही घेऊं नये; झडतींत नेलेल्या वस्तूंच्या यादीची नक्कल घरच्या मनुष्यास द्यावी; आणि कैदेंत असलेल्या मनुष्यावर गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणें साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आलें नाहीं तर त्यास जामिनाचा हक्क मिळावा, असें हा कायदा सांगतो. नातू बंधूंस यांतील एकहि गोष्ट मिळाली नव्हती.

तरी दोन छिद्रें राहिलींच. राज्यघटनेच्या ज्या बाविसाव्या कलमानें अटकेच्या मर्यादा घातल्या, त्याच कलमानें प्रतिबंधक स्थानबद्धतेस वाट ठेवली आहे. तिच्यावर मुदतीचीं व सल्लागार मंडळाचीं बंधनें आहेत, पण १८२७ चें मूळ त्यांत ओळखूं येतें. दुसरें छिद्र मास्तरांच्या दुःखाचें. जो कैदेंत नाहीं, मोकळा आहे, त्याच्याविरुद्धचा तपास अमुक दिवसांत संपलाच पाहिजे अशी मर्यादा मोठ्या गुन्ह्यांच्या बाबतींत कायद्यानें घातलेली नाहीं. तपास कोठवर आला हें नव्वद दिवसांच्या आंत फिर्यादीस कळविण्याचें बंधन नव्या संहितेनें पोलिसांवर घातलें आहे. संशयितास कळविण्याचें नाहीं. मात्र सर्वोच्च न्यायालयानें १९९१ च्या डिसेंबरांत असा निर्णय दिला, कीं त्वरित न्यायाचा हक्क खटल्यापासून नव्हे, तर तपासापासूनच सुरू होतो. हा निर्णय ज्या प्रकरणांत झाला तें प्रकरण याच जिल्ह्यांतील आंबेत गांवच्या अ. र. अंतुल्यांचें, कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें तें १९८१ सालीं, त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळांत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं हें सर्व मास्तरांच्या ओटीवर बसून सांगितलें. बोलाविलें कीं जावें, पण वकिलास विचारून. जें ठाऊक आहे तें सांगावें, जें ठाऊक नाहीं त्याचा तर्क करूं नये. कोणत्या दिवशीं कोणीं काय विचारलें, काय नेलें, याची तारीखवार टिपण ठेवावी. साक्षीदारांच्या घरीं समजूत घालण्यास जाऊं नये. आणि वर्षानुवर्षें कांहींच हालचाल न झाल्यास हायकोर्टाचा दरवाजा आहे, हें विसरूं नये. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, “कायद्याचें समजलें. पण गांवाचें काय?”

त्यास इतिहासांत उत्तर शोधूं गेलें तर एवढेंच सांपडतें, कीं नातू बंधूंस सरकारनें एकटें पाडलें, पण लोकांनीं पाडलें नाहीं. सभांतून, वर्तमानपत्रांतून, पार्लमेंटांतून त्यांचें नांव दोन वर्षें घेतलें जात राहिलें. संशय घेणें हें सरकारचें काम असेल. परंतु शेजाऱ्यास आरोपाआधींच दोषी धरण्याचें काम कोणत्याहि कायद्यानें आपणांवर सोंपविलेलें नाहीं. मास्तरांच्या ओटीवर पुन्हां जाऊन बसण्यास कोणत्याहि न्यायालयाच्या हुकुमाची जरूर नाहीं.