थ्रॉटल बॉडी व हवाप्रवाह संवेदकाची स्वच्छता

पेट्रोल एंजिनात शिरणाऱ्या हवेच्या वाटेवरील दोन भागांवर साचलेला मळ द्रावकाने काढण्याची, वाहनमालकाला घरीही करता येण्याजोगी देखभालीची क्रिया. थ्रॉटल बॉडी म्हणजे एअर फिल्टर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामधली धातूची आखूड नळी असून तिच्यातील गोल, चपटी झडप ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडते आणि एंजिनाला किती हवा मिळावी हे ठरवते. गॅरेजात एअर फ्लो सेन्सर म्हणून ओळखला जाणारा संवेदक तिच्या अलीकडे, फिल्टरच्या पेटीलगत असतो. त्यातील तार किंवा पातळ पापुद्रा विजेने तापवून ठेवलेला असतो, वाहत्या हवेने तो थंड होऊ लागला की त्याचे तापमान टिकवण्यासाठी जास्त वीज लागते, आणि या विजेवरून आत आलेल्या हवेचे वस्तुमान ईसीयूला, म्हणजे एंजिनाच्या संगणकाला, कळते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागत असल्याने इंधनाचा सगळा हिशेब या मोजमापावर उभा असतो.

दोन्ही भाग सहसा एकाच बैठकीत साफ केले जातात, पण त्यांच्यावरचा मळ एका जातीचा नाही. थ्रॉटल बॉडीत साचते ती एंजिनाच्या तळातून परत खेचल्या जाणाऱ्या तेलाच्या वाफांची आणि काजळीची चिकट पुटे. ती झडपेच्या कडेवर व मागच्या बाजूला धरतात आणि झडप जवळजवळ मिटलेली असताना हवेला उरणारी फट बुजवतात, म्हणून सिग्नलला गाडी थांबताच एंजिन बंद पडणे किंवा एसी लावल्यावर आरपीएम वरखाली होणे ही लक्षणे दिसतात. संवेदकावर मात्र फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ आणि तेल लावून वापरायच्या कापडी फिल्टरमधले जादा तेल बसते. या थरामुळे तारेची उष्णता हवेला नीट मिळत नाही, हवा प्रत्यक्षाहून कमी मोजली जाते, इंधन अपुरे पडते, पिकअप मंदावतो आणि काही वेळा पी०१७१ हा दोषसंकेत नोंदला जातो. मॅनिफोल्डच्या फाटलेल्या रबरी नळीतून हवा आत शिरत असली तरी हाच संकेत येतो, त्यामुळे नळ्या न तपासता संवेदक धुणे हा निव्वळ अंदाजपंचे उपाय ठरतो.

संवेदक साफ करताना एंजिन थंड व इग्निशन बंद ठेवून जोडणीची क्लिप सोडवतात, स्क्रू काढून तो नळीतून बाहेर घेतात आणि त्यासाठीच मिळणाऱ्या, मागे डाग न ठेवणाऱ्या द्रावकाचा फवारा थोड्या अंतरावरून तारेवर मारून पूर्ण वाळू देतात. तार केसासारखी नाजूक असल्याने तिला कापूस, ब्रश किंवा बोट लावत नाहीत आणि कॉम्प्रेसरची हवाही मारत नाहीत. कार्ब्युरेटरसाठीचा क्लीनर येथे वर्ज्य आहे, कारण त्याने प्लॅस्टिकचे आवरण खराब होऊ शकते. बॉश कंपनीच्या जुन्या तप्त-तार संवेदकांत एंजिन बंद झाल्यावर तार क्षणभर सुमारे १,०००° से. पर्यंत तापवून मळ जाळण्याची सोय होती.

थ्रॉटल बॉडीत द्रावक थेट ओतण्यापेक्षा कापड भिजवून झडपेची कड आणि नळीची आतली भिंत पुसणे बरे, कारण जास्तीचा द्रव झडपेच्या दांड्याच्या बाजूने ती फिरवणाऱ्या मोटरीपर्यंत पोहोचू शकतो. काही नळ्यांच्या आत झडप घट्ट मिटावी म्हणून काळसर लेप दिलेला असतो. त्याला मळ समजून खरवडले की मिटलेल्या झडपेतूनही हवा निसटू लागते. केबलची झडप हाताने उघडता येते, परंतु इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये ती जोराने ढकलल्यास आतील दातेरी चाके तुटण्याची भीती असते, आणि इग्निशन चालू असल्यास झडप अचानक मिटून बोट चेमटते.

खरी अडचण बहुधा सफाईनंतर उभी राहते. मळ वाढत असताना ईसीयू झडप हळूहळू जास्त उघडी ठेवायला शिकलेला असतो. फट मोकळी झाल्यावर तीच सवय चालू राहते आणि आयडलिंगचे आरपीएम चढते. तेव्हा वाहननिर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने, काही गाड्यांत स्कॅनर लावून, झडपेची मूळ स्थिती नव्याने शिकवावी लागते. लक्षण नसताना दर सर्व्हिसिंगच्या बिलात ही सफाई चढवण्याला तांत्रिक आधार नाही.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर दुचाक्यांतही कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपण सर्रास आले आणि थ्रॉटल बॉडी साफ करणे हे स्कूटरच्या मेकॅनिकचेही काम झाले. तेथे, तसेच अनेक लहान पेट्रोल मोटारींत, हवेचे वस्तुमान थेट न मोजता मॅनिफोल्डमधील दाबावरून काढतात, त्यामुळे अशा वाहनांत साफ करायला हवाप्रवाह संवेदकच नसतो.