अळणावरची भात गिरणी आणि लोड न घेणारं इंजिन

अळणावर म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं. दांडेलीचा फाटा इथूनच सुटतो. तिकडच्या जंगलातलं लाकूड कितीतरी वर्षं या स्टेशनातून बाहेर गेलं. मला मात्र आधी आठवते आमची भात गिरणी आणि तिच्यातलं एका सिलिंडरचं उभं डिझेल इंजिन.

आपल्या मुलखाचा या इंजिनांशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात! १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. वीज नव्हती तिथे विहिरीवर, गिरणीत, अगदी किनाऱ्यावरच्या होड्यांतही डिझेल इंजिनच.

आमचं इंजिन अण्णांनी कुणाचं तरी वापरलेलं घेतलं होतं. १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या सुगीत ते दगा द्यायला लागलं. हँडल मारलं की लगेच सुरू. नुसतं चालू ठेवलं तर तासभर चालेल. पण पट्टा हलरवर टाकला, भात पडायला लागलं, की दहा मिनिटांत धापा टाकून बंद. बाहेर गाड्या खोळंबलेल्या. मिस्त्रींनी फिल्टर धुतला, डिझेल किती आहे ते झाकण काढून पाहिलं, लाइनमधली हवा काढली, की पुन्हा ठीक. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. नोझल बदललं, पंप तपासला. शेवटी अण्णा चारचौघांत म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच बिघडवलंत." मिस्त्री यायचे थांबले. हुबळीच्या भंगारवाल्याशी सौदाही ठरला.

आईने मला गुपचूप मिस्त्रींकडे पाठवलं. आले बिचारे. या वेळी हत्यारांना हातच लावला नाही. इंजिन लोडवर घातलं, बंद पडू दिलं आणि टाकीचं झाकण सावकाश सैल केलं. फुस्स करून हवा आत शिरली.

"उसिर इल्लरी, सावकार," ते म्हणाले. श्वासच नाही.

झाकणाला सुईएवढं भोक असतं. डिझेल खाली गेलं की त्यातून तेवढी हवा टाकीत यायला हवी. आमच्याकडे कोंड्याची धूळ आणि तेल मिळून त्याचा लगदा झाला होता. बिनलोडाचं इंजिन डिझेल थोडं पितं, म्हणून निभत होतं. लोडवर भराभर ओढायला लागलं की टाकीत पोकळी, आणि डिझेल खाली उतरेना. फिल्टर धुताना दर वेळी झाकण उघडलं जायचं, त्यामुळे गुण फिल्टरचाच वाटायचा.

भंगारवाल्याला निरोप गेला. गिरणी रात्री अकरापर्यंत चालली. अण्णांनी माफी वगैरे मागितली नाही. त्या पिढीत ते नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या घरी नव्या तांदळाचं अर्धं पोतं पोचवायला मला पाठवलं.