बरण्यांचे नामकरण

नामकरण हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक होय. बालक जन्मास आलेले असते, घरच्यांनी त्यास पाहिलेलेही असते. तथापि नाव कानी पडल्यावाचून त्याची गणना कुळात पुरतेपणी होत नाही. वस्तूंच्या बाबतीतही काही अंशी असेच घडते. फडताळातील काचेच्या बरणीवर चिठ्ठी डकवणे हे काम वरकरणी क्षुल्लक भासेल. परंतु त्याचा इतिहास दीर्घ आहे, आणि त्यात हयगय झाली तर तिचा परिणाम थेट ताटात उतरतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बऱ्हाणपुराहून असीरगडाकडे जाणाऱ्या वाटेवर निंबोला हे गाव लागते. या वाटेच्या दोन्ही टोकांस वस्तूंवर नाव घालण्याच्या प्रथेचे दोन उत्तम साक्षीदार आहेत. असीरगडाच्या नावाने विद्वानांत प्रसिद्ध असलेली एक मुद्रा सहाव्या शतकातील मौखरी राजा शर्ववर्मा याची आहे; तीवर त्याची वंशावळ कोरलेली आहे. दुसऱ्या टोकास, बऱ्हाणपुरात, आदिलशाह फारुकी याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबरच एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात फारुकी घराण्याची परंपरा सांगून काळाची नोंद विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशी दोन्ही गणनांत केली आहे. हे वर्ष इ. स. १५९० च्या आरंभी पडते. जे लोक लेख वाचणार त्यांच्या भाषेत तो लिहावा, आणि वाचणारे दोन परंपरांतील असतील तर दोहोंचीही सोय पाहावी, हा धडा त्या दगडाने घालून दिला आहे.

साठवणीच्या भांड्यांवर लिहिण्याची चाल तर याहून कितीतरी जुनी. इजिप्तमधील तुतानखामेन राजाची कबर १९२२ साली उघडली गेली, तेव्हा तीत मद्याचे रांजण सापडले. त्यांवर राजवटीचे वर्ष, द्राक्षमळा आणि मद्य सिद्ध करणाऱ्या प्रमुखाचे नाव अशी नोंद होती. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरील दारूगोळ्याविषयी सूचना आहेत. दारूची मडकी ठरल्या दिवसांनी बाहेर काढावी, त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. वस्तू काय, केव्हाची आणि कोणाच्या हातची, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे चिन्ह म्हणजेच खरी चिठ्ठी.

मग आपल्या आजीपणजीच्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या का नव्हत्या? त्यांची गरज भासत नव्हती हेच त्याचे कारण. चिनीमातीच्या दट्ट्याच्या बरण्या, मातीची मडकी, पितळेचे डबे यांच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नसे; परंतु प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षे ठरलेली असे. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने आले, मिरी, लिंबू आणि आंबा यांच्या खारवलेल्या साठवणीने भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरावरून हे नाव पडले आणि ते हिंदीत आजही चालते. गोमंतकात बुयांव, आपल्याकडे बरणी आणि निमाडात मर्तबान अशी नावे वेगळी असली तरी व्यवस्था एकच होती. सारी सूची गृहिणीच्या स्मरणात असे. ती माहेरी गेली, आजारी पडली किंवा कायमची निघून गेली, म्हणजे ती सूचीही तिच्याबरोबर जाई. मागे राहिलेल्यांनी झाकण उघडून वास घ्यावा आणि तर्क करावा!

पुढे काच आली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून जमविलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे काचकामाचे शिक्षण दिले. १९१६ साली औंध संस्थानच्या हद्दीत, कराडनजीक, ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्याचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. देशी काच परसदारापर्यंत आली आणि पुढे काचेच्या बरण्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आल्या. काचेतून आतले दिसते, तेव्हा चिठ्ठीचे प्रयोजन काय, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. काच रंग दाखविते, गुण दाखवीत नाही. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा, बारीक मीठ आणि पिठीसाखर, तुरटीचे खडे आणि खडीसाखर काचेआड एकसारखेच दिसतात. देवघरातील कुंकू, गुलाल आणि शेंदूर एकमेकांस शोभून दिसतात खरे. परंतु शेंदूर हे शिशाचे संयुग असल्याने पोटात जाण्यास विषारी आहे. देवळाच्या कोठीत पूजेचे आणि नैवेद्याचे साहित्य एकाच फळीवर असते आणि सेवेकरी पाळीपाळीने बदलतात. तेथे शेंदराच्या बरणीवर स्पष्ट नाव नसणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. काच वयही सांगत नाही. गेल्या वर्षीचे मेतकूट आणि परवाचे मेतकूट यांत डोळ्यांना भेद दिसत नाही; जिभेला दिसतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

छापील चिठ्ठीचा प्रवास शिळाछापाबरोबर सुरू झाला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली गिरगावात निघाला, नंतर तो लोणावळ्यानजीक मळवली येथे गेला. देवदेवतांच्या चित्रांबरोबर मालाच्या वेष्टनांवरील चित्रेही पुढे तेथे छापली गेली. लक्ष्मी आणि सरस्वती यांची चित्रे मालाबरोबर घरात आली, आणि वेष्टन फाटताच ती केरात जाऊ लागली. घरच्या बरणीसाठी चिठ्ठी निवडताना हा विवेक राखावा. जी चिठ्ठी तेलकट होणार, खरवडली जाणार आणि फेकली जाणार, तीवर देवाचे चित्र असू नये. विकत घेतलेल्या मालावर काय लिहावे याचे बंधन कायद्यानेही घातले. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा आता २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने घेतली आहे. परंतु हा कायदा आपल्या फडताळापर्यंत येत नाही. तेथे घरधनीणच कायदा करणारी आणि तीच तो पाळणारी.

भाषेचा प्रश्न निंबोल्यासारख्या सीमेवरील गावी अधिक नाजूक आहे. हा प्रदेश फारुकींच्या खानदेशाचा. १९५६ च्या पुनर्रचनेत तो नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि २००३ साली बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच असल्याने अक्षर सर्वांस वाचता येते, पण अर्थ सर्वांस एकच लागतो असे नाही. ‘मटकी’ म्हटले की मराठी सुनेस उसळीचे कडधान्य आठवते, हिंदी शेजारणीस मातीचा घडा. उपासाची भगर तिकडे मोरधन होते, ओवा अजवाइन होतो. कोकणी घरातून आलेल्या सुनेच्या मनात आमसुलांचे नाव सोलां असे असते आणि मिरचीचे मिरसांग. अशा घरी चिठ्ठीवर दोन नावे लिहिण्यात कमीपणा कसला? शिलालेखाने दोन संवत्सरे लिहिली, आपण दोन शब्द लिहू.

तिथीचेही तसेच. आपला महिना अमावास्येस संपतो, उत्तरेकडील पौर्णिमेस. त्यामुळे आपण ज्यास वैशाख वद्य म्हणतो त्यास हिंदी पंचांग ज्येष्ठ कृष्ण म्हणते. लोणच्याच्या बरणीवर केवळ तिथी लिहिली तर वाचणारा एक महिना चुकण्याचा संभव आहे. तिथीबरोबर इंग्रजी तारीख व साल घातले म्हणजे शंका उरत नाही.

आता चिठ्ठी डकवण्याविषयी. ती झाकणावर कधीही लावू नये. धुताना झाकणे एकमेकांत मिसळतात आणि साखरेचे नाव मिठावर जाते. चिठ्ठी बरणीच्या अंगावरच हवी. कागद साधा, पातळ आणि बरणीच्या घेरास मानवेल इतका अरुंद असावा, व मागची बाजू मोकळी सोडावी, म्हणजे जिन्नस किती उरला ते दिसते. काच गरम पाण्याने धुऊन तेलाचा अंश घालवावा आणि ती उन्हात पूर्ण कोरडी करावी. मैद्याची किंवा तांदळाची पातळ खळ लावून फडक्याने मधून कडेकडे दाबावे. पुस्तके बांधणारे किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, स्वयंपाकघरात त्यास थारा नको. दौतीची साधी शाई पाण्याने फुटते. पेन्सिल किंवा काजळीची शाई टिकते. लोणच्याच्या बरणीवरून तेल ओघळत असल्याने तेथे चिठ्ठी गळ्यापासून बरीच खाली असावी, किंवा दोऱ्याने गळ्यात बांधावी. जिन्नस बदलला की जुनी चिठ्ठी काढलीच पाहिजे. त्यासाठी कोमट पाणी पुरे. थंड काचेवर एकदम उकळते पाणी ओतल्यास आतबाहेरचा प्रसरणभेद न सोसून ती तडकते. एका बरणीवर एकाखाली एक अशी दोन नावे उरणे हे नाव नसण्याहून वाईट.

जिन्नस, तारीख आणि उपासास चालतो की नाही, एवढ्या तीन ओळी प्रत्येक बरणीवर पुरेत. लोणचे ज्या हातचे असेल त्या हाताचे नाव चौथ्या ओळीत यावे. पूर्वी ज्या बायकांनी ही सारी सूची स्मरणात वागविली, त्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत. ज्येष्ठात कैरीचे लोणचे भरताना घरातील लेकीसुनांनी ही चौथी ओळ रिकामी सोडू नये, एवढीच आमची विनंती.