ऑर्कनी बेटांची विमानसेवा

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, पेंटलंडच्या सामुद्रधुनीनें मुख्य भूमीपासून तोडलेला ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. बेटें सुमारें ७०. वस्ती त्यांतील विसांवर. सामुद्रधुनींतील प्रवाह असे दांडगे कीं, वादळांत आगबोट अडली म्हणजे टपाल, वैद्य आणि वर्तमान हीं तिन्ही एकदमच अडून पडत.

१९३१ सालीं कॅप्टन फ्रेसन हा वैमानिक येथें आला, तो हौशी लोकांना पैसे घेऊन आकाशांत फिरवून आणण्यासाठीं. जत्रेंतील पाळण्याचाच तो प्रकार! परंतु बेटांची खरी अडचण त्यानें ओळखली. १९३३ च्या मे महिन्यांत त्याच्या हायलंड एअरवेजनें इन्व्हर्नेस ते कर्कवॉल अशी नियमित सेवा सुरू केली. पुढील वर्षीं, २९ मे रोजीं, टपालखात्यानें पत्रेंही त्याच्या हातीं सोंपविलीं. त्यांना जादा हशील नव्हतें. साध्या तिकिटाचें पत्रच विमानानें जाई. ब्रिटनमध्यें देशांतर्गत टपालाची अशी नियमित सोय तोंवर कोठेंच नव्हती; राजधानीला न लाभलेली ही सवलत कर्कवॉलच्या शेतकऱ्यांना आधीं मिळाली. लवकरच लहान बेटांवरही विमान उतरूं लागलें. तेथें विमानतळ म्हणजे एखाद्याचें कुरण.

युद्धांत ही लहान बेटांची सेवा थांबली. १९४७ सालीं खाजगी कंपन्या सरकारी महामंडळांत विलीन झाल्या. त्यानें ती पुन्हा सुरू केली नाहीं, आणि १९४८ मध्यें फ्रेसनलाही दूर केलें. हें हिशेबाला धरून असेल. न्यायाला धरून होतें असें म्हणतां येत नाहीं.

पुढें वीस वर्षें बेटें बोटींवरच विसंबून राहिलीं. विली लोगन या बांधकाम-व्यावसायिकानें १९६२ सालीं लोगनएअर काढली होती. १९६६ त तो स्वतः विमान-अपघातांत गेला. तरी पुढच्याच वर्षीं त्याच्या कंपनीनें लहान बेटांची नियमित सेवा पुन्हा चालू केली. त्यासाठीं आणलेलें ‘आयलंडर’ विमान दोन एंजिनांचें, आखूड पट्टीवर उतरणारें.

याच सेवेंतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हें उड्डाण जगांतील सर्वांत आखूड नियमित उड्डाण आहे. अंतर २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटें; अनुकूल वाऱ्यांत ५३ सेकंदांतही तें पार पडलें आहे. लोक याचें कौतुक करतात तें गंमत म्हणून. परंतु त्या बांकांवर शिक्षक, वैद्य आणि कर्कवॉलच्या रुग्णालयांत निघालेले रोगी बसतात. नुसत्या भाड्यावर हा खर्च भागत नाहीं. उरलेला भार ऑर्कनीचें स्थानिक मंडळ उचलतें. नॉर्थ रोनाल्डसेला बोट आठवड्यांतून मोजक्याच वेळां लागते. विमान जवळजवळ रोज येतें.