कमानगर कुठे गेले?

आमच्या रावेतच्या आसपास, हमरस्त्यालगतच्या गॅरेजांत 'कमानपाटा' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानी पडतो. ट्रकचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचा तो जोड. यातली कमान म्हणजे फारसीतले धनुष्य, असे एका मेस्त्रीला सांगितले तर तो नुसता हसला. पण ही कमान घडवणारे कमानगर गेले कुठे, हा प्रश्न मला पडला तो वेगळ्याच निमित्ताने.

गेल्या हिवाळ्यात पारंपरिक धनुष्य तयार करण्याचा दोन दिवसांचा वर्ग जवळच भरला होता. मी टूलरूममध्ये तीस वर्षे कानस चालवलेला माणूस, त्यात आडनाव शिकलगार. वाटले, हे आपल्याला सहज जमेल. बांबूची उभी फाक हाती दिली गेली. सालीची बाजू निशाणाकडे राहते; तिला हत्यार लावायचे नाही, छिलायचे ते आतून. आधी कोयता, मग कानस, शेवटी फुटक्या काचेचा तुकडा. मधून मधून दोर चढवून दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते बघायचे आणि जिथे ताठ असेल तिथेच खरवडायचे. मी नेमके उलट केले. आधीच वाकणाऱ्या जागी आणखी चार हात मारले आणि ओढताना धनुष्य काडकन मोडले. शिकवणारा तरुण म्हणाला, "चाचा, मायक्रोमीटर विसरा. वाकवून बघा, मगच हात लावा."

हे झाले साध्या बांबूचे. कमानगराची कमान याहून कितीतरी अवघड. मध्ये लाकूड, धनुर्धराकडच्या बाजूस म्हशीचे शिंग, पाठीवर जनावराच्या कंडरांचे तंतू, आणि हे सारे सरसाने सांधलेले. एकेक थर वाळायला महिने लागत. हिंदुस्थानच्या पावसाळी हवेत सरस सैल पडे. इथे पोलादी कमानीही घडवल्या गेल्या, त्याचे हे एक कारण सांगितले जाते. तेराव्या शतकात दिल्लीत फख्र-ए-मुदब्बिरने युद्धशास्त्रावरील आपल्या फारसी ग्रंथात कमानींचे प्रकार नोंदवले. 'आईन-ए-अकबरी'तल्या शस्त्रांच्या यादीत कमानीची किंमतही आहे. घडवणाऱ्याचे नाव मात्र नाही.

बंदुकीने कमान निकामी केली, तेव्हा या हातांनी दुसरी कामे धरली. कच्छमधील कमानगर भिंतींवर चित्रे रंगवू लागले. तिथली ती शैली आजही 'कमानगरी' म्हणूनच ओळखली जाते. हिंदी-उर्दू कोशांत कमानगराचा दुसरा अर्थ सापडतो, हाडे बसवणारा. वाकवण्याचा आणि सांधण्याचा सराव असलेल्या माणसाकडे लोक मोडलेला हात घेऊन गेले असतील, तर नवल नाही. आमच्या शिकलगारांचेही तेच. धार लावणे हा त्यांचा धंदा. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या आणि त्यांचे वंशज सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

एका तीरामुळे तिघांना जन्नत मिळते, त्यात नेकीने तो तीर घडवणाराही असतो, अशा आशयाची हदीस आपण वाझमध्ये ऐकलेली असते. तरीही तीरंदाज म्हटले की आपल्याला हजरत साद बिन अबी वक्कास आठवतात. घडवणारा कुणालाच आठवत नाही. तुर्कांनी हे बरे केले. तिथले कारागीर कमानीवर आपले नाव आणि साल लिहीत. सुलतान महमूद दुसरा याच्या आज्ञेवरून मुस्तफा कानीने धनुर्विद्येवर ग्रंथ लिहिला, तो १८४७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. कमान घडवण्याची रीतही त्यात आली. सुलेखनकार नेजमेद्दीन (१८८३-१९७६) हे स्वतः तीरंदाज. त्यांनी तर 'ओक्याय' हे आडनावच घेतले, म्हणजे तीरकमान. पुढे ही विद्या तिथे पुन्हा उभी राहिली आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

आमच्या घरात असा एक कागदही नाही. दादाजान कोणत्या दगडावर धार लावत, हे अब्बांना ठाऊक होते. मी विचारले नाही.

मोडलेले धनुष्य मी घरी आणले आहे. मोडले त्या जागेवर पेन्सिलीने खूण करून तारीख घातली आणि शेजारी बांबूची दुसरी फाक सावलीत वाळत ठेवली.