धामकाठचा शेवटचा निरोप : गोपुरी आणि पवनारचा इतिहास

वर्धा : मोठ्या शहरात कुणी गेलं तर एका फोनवर वैकुंठरथ येतो, तिरडीपासून मडक्यापर्यंत सगळं सामान तयार मिळतं. गावात मात्र आजही हे काम गावच करतं. कुणी बांबू तोडायला जातं, कुणी लाकडं आणि गोवऱ्या बैलगाडीत भरतं, कुणी नातेवाइकांना फोन लावत बसतं. तिसऱ्या दिवशी राख सावडली की घरात एकच प्रश्न उरतो : अस्थी कुठं न्यायच्या?

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचं एक नेहमीचं उत्तर म्हणजे पवनारची धाम नदी. वर्ध्याहून नागपूर रोडनं जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर हा काठ आहे. वर्ध्याजवळची गोपुरी आणि पवनार या दोन जागांनी गेल्या शतकात तीन मोठे निरोप पाहिले.

1942 : गोपुरी

पहिला निरोप जमनालाल बजाज यांचा. गांधीजींना वर्ध्यात आणण्यात त्यांचा वाटा सगळ्यात मोठा. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी 1928 मध्ये दलितांसाठी खुलं केलं होतं. शेवटच्या काळात त्यांनी गोसेवेचं काम हाती घेतलं आणि ते गोपुरीत झोपडीत राहायला गेले. 11 फेब्रुवारी 1942 रोजी त्यांचं वर्ध्यात निधन झालं. अंत्यसंस्कार गोपुरीतच झाले.

आज गोपुरीत गीताई मंदिर आहे. विनोबांच्या हस्ते 1980 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. नाव मंदिर, पण आत मूर्ती नाही आणि वर छत नाही. उघड्या आभाळाखाली उभ्या दगडी शिळा आहेत. त्यांवर विनोबांनी मराठीत आणलेल्या गीतेचे अठराही अध्याय कोरलेले आहेत.

1948 : पवनार

30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. 12 फेब्रुवारीला देशात ठिकठिकाणी नद्यांमध्ये त्यांच्या अस्थी सोडण्यात आल्या. त्यात पवनारची धामही होती. 1936 पासून सेवाग्राम हे गांधीजींचं घर होतं, त्यामुळं वर्धेकरांसाठी हा घरच्या माणसाचाच निरोप होता.

त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी 12 फेब्रुवारीला पवनारला सर्वोदय मेळा भरतो. इथं हारफुलांपेक्षा सुताला मान आहे. वर्षातून एकदा स्वतःच्या हातानं कातलेली 640 तारांची सुताची गुंडी गांधीजींच्या नावानं अर्पण करायची, ही कल्पना विनोबांची. तिला सूतांजली म्हणतात. म्हणजे गेलेल्या माणसाला द्यायचं ते आपल्या हातचं काम.

1982 : विनोबा

विनोबा 1938 मध्ये पवनारला राहायला आले. तिथला आश्रम म्हणजे परंधाम. 1951 पासून ते भूदानासाठी वर्षानुवर्षं देशभर पायी फिरले. 1959 मध्ये याच आश्रमात बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं.

नोव्हेंबर 1982 मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. 15 नोव्हेंबर 1982 रोजी, ऐन दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. अंत्यसंस्कार पवनारलाच झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं. आश्रमातल्या बहिणींचं शेती, स्वयंपाक, सफाई आणि प्रार्थनेचं सामूहिक जीवन पुढंही चालू राहिलं.

विनोबांनी वडिलांच्या अस्थींचं काय केलं?

विनोबांनी मरणाच्या विधीबद्दल घरातच दोनदा वेगळी वाट धरली. 1918 मध्ये आई बडोद्याला गेली. विधी भटजींच्या हातून नको, असा त्यांचा आग्रह होता. घरच्यांना ते पटलं नाही. मग ते स्मशानात गेलेच नाहीत, घरीच थांबले.

1947 मध्ये वडील धुळ्याला गेले. अस्थी गोदावरीत न्याव्यात असा विचार पुढं आला. विनोबांनी तो मानला नाही. घराच्या आवारातच खड्डा केला, अस्थी त्यात ठेवल्या आणि वरून माती लोटली. मातीतून आलेलं मातीला द्यावं, एवढाच त्यामागचा विचार.

आजची गोष्ट

धाम पुढं वणेला मिळते, वणा वर्धेला आणि वर्धेचं पाणी प्राणहितेतून शेवटी गोदावरीलाच जातं. पण त्याआधी हेच पाणी माणसं पितात. वर्धा शहराच्या नळाचं पाणी धामचंच आहे. उन्हाळ्यात धार बारीक होते. तेव्हा राखेसोबत टाकलेले कपडे, गादी, प्लास्टिकची पिशवी आणि हार तिथंच खडकात अडकून राहतात.

म्हणून अस्थी शेतात ठेवून त्यावर झाड लावणं, ही वाट आता बऱ्याच घरांना पटू लागली आहे. ज्यांना नदीच हवी, त्यांनी मूठभर अस्थी सोडाव्यात आणि बाकीची राख मातीला द्यावी. श्रद्धाही राहते, पाणीही राहतं.

शेतात अस्थी ठेवायच्या असतील तर

* राख पूर्ण थंड होऊ द्या. आत निखारा राहतो.
* विहीर, बोअर आणि नाल्यापासून दूर जागा निवडा.
* राख क्षारयुक्त असते आणि आपली काळी माती बहुतेक आधीच त्याच अंगाची. त्यामुळं सगळी राख एका रोपाच्या मुळाशी ओतू नका. भरपूर माती आणि शेणखतात मिसळा, उरलेली बांधावर पातळ पसरवा.
* कपडे, फोटोची फ्रेम, प्लास्टिक खड्ड्यात टाकू नका.
* कडुनिंब, चिंच, आंबा अशी टिकणारी झाडं लावा. पावसाळ्याआधी गेलेल्या माणसाचं झाड सहज जगतं. उन्हाळ्यात लावलं तर पाणी कोण घालणार, हे तेरवीच्या दिवशीच घरात ठरवून घ्या.