माजोर्ड्याचा मास्तर आणि आठ वर्षांचा प्यारेलाल

 

२०२४ साली प्यारेलाल शर्मा यांना पद्मभूषण जाहीर झालं तेव्हा आपल्याकडच्या ग्रुपांवर ‘जन्मजात देणगी’, ‘सरस्वतीचा वरदहस्त’ असे मेसेज फिरत होते. माणूस तेवढा मोठा आहेच, वाद नाही. पण ‘देणगी’ म्हटलं की आपली जबाबदारी संपते. देवाने दिलं, त्याला मिळालं, आमच्या पोरांना नाही मिळालं, विषय संपला. माझ्या मते हा विषय तिथूनच सुरू होतो.

प्यारेलाल यांचा जन्म ३ सप्टेंबर १९४० चा. वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे, शिकवायचेही. पोराच्या हातात आठव्या वर्षी व्हायोलिन आलं. रोजचा रियाज आठ-आठ, दहा-दहा तासांचा. घरची परिस्थिती बिघडली आणि बाराव्या वर्षी हा मुलगा स्टुडिओत पैसे घेऊन वाजवायला लागला. यात कौतुकापेक्षा काळजीचा भाग जास्त आहे, हे आधी सांगतो. बारा वर्षांच्या पोराने घरासाठी कमवावं, ही काही आदर्श गोष्ट नाही. पण मोठमोठ्या वादकांच्या शेजारी बसून वाजवण्याइतकी त्याची तयारी झाली होती, हेही खरं. ती तयारी करून घेतली कोणी?

त्यासाठी गोव्यात जावं लागेल. आपल्या कुडाळहून कोकण रेल्वेने निघालं की मडगावच्या जरा अलीकडे माजोर्डा लागतं. साष्टी तालुक्यातल्या या गावात १९२७ साली अँथनी गोन्साल्विस जन्मले. वडील चर्चचा गायनवृंद सांभाळायचे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडून शाळा असत, आणि तिथे गावातल्या पोरांना सुरावट वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हेतू साधा होता, चर्चमधल्या प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे हवेत. पण परिणाम असा झाला की कागदावरचं संगीत पेपरासारखं वाचू शकणारी माणसं गावोगाव तयार झाली. गोव्यात तेवढा रोजगार नव्हता, म्हणून ही माणसं मुंबईला आली. धोबी तलावच्या, माझगावच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे एकेका गावाच्या मंडळींच्या सामाईक खोल्यांमध्ये राहिली. कोणी हॉटेलच्या बँडमध्ये लागला, कोणी सिनेमाच्या स्टुडिओत.

अँथनीही १९४३ च्या सुमारास मुंबईत आले आणि नौशादच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. वाजवता वाजवता शिकवूही लागले. त्यांच्या शिष्यांत राहुलदेव बर्मन होते आणि आपला हा प्यारेलाल.

आता त्या काळी गाणं कसं व्हायचं ते बघा. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा, बहुतेक वेळा रागाच्या अंगाने. मग अरेंजर ती चाल पाश्चात्त्य पद्धतीच्या रेघांवर लिहून काढायचा. व्हायोलिनच्या कुठल्या रांगेने काय वाजवायचं, बासरी कुठे शिरायची, गायिका थांबली की मागून कोणती दुसरी सुरावट यायची, सगळं कागदावर. एकेका ट्रॅकवर वेगळं रेकॉर्डिंग करायची सोय नव्हती. गायक आणि वादक एकाच वेळी वाजवणार, एक जण चुकला की सगळ्यांनी परत पहिल्यापासून. अशा खोलीत बारा वर्षांचा मुलगा बसत होता. शास्त्रीय आणि ‘पॉप्युलर’ संगीताचा मेळ वगैरे आज आपण परिसंवादात बोलतो. त्याने तो रोजंदारीवर शिकला.

दुसरा धागा आपल्याच आडनावाचा आहे. लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. वडील लहानपणीच गेले, घरात गरिबी, हा मुलगा मेंडोलिन वाजवून चार पैसे आणायचा. मंगेशकर कुटुंबाने लहान मुलांसाठी ‘सुरील कला केंद्र’ चालवलं होतं, तिथे या दोघांची गाठ पडली. एक ट्रम्पेटवाल्याचा मुलगा, एक बापाविना वाढलेला कुडाळकर. दोघांना एका खोलीत आणायला कोणीतरी ती खोली उघडली होती, हे विसरू नका. पुढे प्यारेलालच्या डोक्यात व्हिएन्नाला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवायचं होतं आणि लक्ष्मीकांतने त्याला थांबवलं, असं सांगतात. १९६३ ला ‘पारसमणि’ आला. त्यानंतर १९९८ मध्ये लक्ष्मीकांत जाईपर्यंत ही जोडी टिकली. ढोलक आणि व्हायोलिनांचा ताफा एकाच गाण्यात सुखाने नांदतो तो यांच्याकडे.

आणि मास्तर? अँथनींचं स्वप्न मोठं होतं. भारतीय राग घेऊन सिम्फनीसारखी रचना करायची. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, शंभराच्या वर कलाकार जमवले, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला उभं केलं. पण असा ताफा एकट्या माणसाच्या खिशावर चालत नाही. साठच्या दशकात ते अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, नंतर परत येऊन माजोर्ड्यात शांतपणे राहिले. १८ जानेवारी २०१२ ला गेले.

१९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते या मास्तरांचं. प्यारेलालने गुरूला दिलेली ती दक्षिणा. अख्ख्या देशाला ते नाव पाठ झालं आणि ते खऱ्या माणसाचं आहे हे कितीतरी वर्षं बहुतेकांना ठाऊक नव्हतं. गंमत म्हणून ऐकलं तर हसू येतं, विचार केला तर वाईट वाटतं.

हे सगळं आज का लिहितोय? डिसेंबर-जानेवारीत मी बातमीसाठी शाळांची स्नेहसंमेलनं फिरतो. गाणी पेनड्राइव्हवर, वाद्यं कपाटात. वेळापत्रकात संगीताचा तास असतो, पण तो तास गणिताचे सर घेतात, तेही गणित शिकवायला. एका शाळेत पेटीला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते शोधण्यात मुख्याध्यापकांचा अर्धा तास गेला. आणि याच आपल्या जिल्ह्यात दशावताराच्या पेटीवर आणि पखवाजावर रात्र जागवणारे कलाकार आहेत, भजनी मंडळं आहेत. त्यांच्याकडे शिकायला पोरं पाठवावीत, शाळेने आठवड्यातून दोन तास त्यांना बोलवावं, त्यांना मानधन द्यावं, यात अशक्य काय आहे? ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती, दोघांच्या बैठकीत हा विषय कोणीतरी मांडायला हवा.

चर्चच्या त्या शाळांनी प्रत्येक पोरगा अँथनी केला नाही. शंभरातला एखादाच निघाला असेल. पण शंभर बसले म्हणून तो एक निघाला, आणि त्याच्या हाताखाली प्यारेलाल घडला.

तुमच्या गावात कोणी पेटी, पखवाज, व्हायोलिन, काहीही शिकवत असेल किंवा पूर्वी शिकवत होतं, तर त्यांच्या परवानगीने नाव आणि गाव मला इनबॉक्समध्ये कळवा. गेलेल्यांचंही चालेल. मी एकेकावर लिहिणार आहे.